जलमाचं टोपलं

गावची सुईण मनकर्णाबाईनं पितळेची थाळी अयूबच्या भट्टीपुढं अशी आदळली, की राख उडून त्याच्या दाढीवर जाऊन बसली.

"हे घे. चकाचक करून दे. तोंड दिसलं पाह्यजे त्याच्यात."

अयूबनं थाळी उलटीपालटी करून पाह्यली. हिरवीगार पडली होती. काठाला कोळ्यानं घर केलं होतं.

"बाई, याच्यात जेवता का तुमी?"

"जेवाले कायले लागते? वाजवाची हाये."

"वाजवाच्या थाळीले कल्हई? अवाज काही चांदीचा होनार नाई, सांगून ठेवतो."

"तुले काय करा लागते? तू आपला भाता मार. घरी पाहुना येऊन राह्यला. त्याच्यासाठी काय हे शेवाळलेली थाळी वाजवू?"

अयूबची बायको सलीमा बंडीच्या चाकाशी, सावलीत पाय पसरून बसली होती. तिचंही पोट पुढं आलं होतं. ती हसली.

"बाई, एका थाळीत दोघाइचं भागन न? तुमचाबी पाहुना, आमचाबी."

"तुह्या पाहुन्यासाठी तुह्या गावची सुईन वाजवन वं," मनकर्णा बोलून गेली. सलीमा हसतच राहिली, पण तिनं पाय जवळ ओढून घेतले.

आता कवडबोडीची रीत ज्याला ठाऊक नाही, त्याला वाटेल की एका थाळीचं काय एवढं! तर ऐका. गावाच्या डोक्यावर तलाव. तलावाला मातीची लांबच लांब पाळ, आन् पाळीच्या खाली समद्या गावाच्या धानाच्या बांध्या. ही पाळ कोण्या राजानं बांधली नाही, सरकारनं तर नाहीच नाही. ती बांधली लेकरांनी. घरात लेकरू जलमलं, त्यानं ट्यांहा केलं, की सुईण दारात येऊन थाळी वाजवायची. पाचवीला बापानं तलावातल्या गाळाचं टोपलं भरायचं, डोक्यावर घेऊन पाळीवर न्यायचं, ओतायचं आन् पायानं तुडवायचं. हे जलमाचं टोपलं. तेवढी जागा मग त्या लेकराची. मोठं झालं की दर उन्हाळ्यात आपल्या जागेला त्यानं माती लावायची. गावात प्रत्येकाला ठाऊक, आपण पाळीत कुठं आहो. भांडणात सुद्धा लोक म्हणायचे, "माह्या जागेवर उभा राहून मलेच डोळे दाखवते का बे?"

एकच कायदा होता. रडलं तर टोपलं. जे रडलंच नाही, त्याचं टोपलं नाही.

मग हिवतापाची वर्षं आली. लेकरं चिमणीच्या पिलांसारखी गळून पडली. ती जगली असती तर आज त्यांचीच लग्नं झाली असती, त्यांच्या घरी पाळणे हलले असते. ती नाहीत, तर पाळणे कुठून? पुढं सरकारचे लोक आले, घराघरात पांढरी औषधी फवारून गेले. हिवताप पळाला. पण तोवर जी काही तरणी पोरं वाचली होती तीबी पळाली. कोणी बल्लारशाला कोळशात गेलं, कोणी वरोऱ्याला जिनिंगमंदी. मच्छर गेला आन् गाव रिकामं झालं. मनकर्णा म्हणायची, "चावाले कोनी उरलं नाई म्हनूनच तो गेला."

सांडव्याकडच्या कोपऱ्यावर कितीक वर्षांत टोपलं पडलं नव्हतं. तो कोपरा दर पावसाळ्यात खाली बसत चालला होता. पोक आलेल्या म्हाताऱ्यासारखी पाळ तिथं वाकली होती.

मागच्या उन्हाळ्यात गुणवंतराव पाटलानं पाळीवरच गाव बोलावलं. त्याची मालगुजारी गेली होती, पण लोकांची पाटील म्हणायची सवय गेली नव्हती. त्यानं काठी त्या कोपऱ्यात खुपसली. हातभर आत गेली.

"पाहून घ्या. इथी मानसं नाईत, म्हनून इथी माती नाई. काय कराचं ते आज बोला."

सोमाजी गावातला गमत्या. तो पहिले बोलला. "ज्याच्या घरी लेकरू नाई, त्याले दंड लावा."

"कोनाले लावतो?" पाटील म्हणाला. "समदे बुढे बसले हाये. तुयापासूनच सुरू करू का?"

"मी तयार हावो. बुढीले इचारा."

बायांच्या घोळक्यातून त्याच्या बुढीनं चप्पल दाखवली. लोक हसले. इसरूला मात्र हसू आलं नाही. हा इसरू म्हणजे गावातला कडक माणूस, बोलला की लाकूड फोडल्यासारखा.

"पोट्ट्याइले जाऊच देऊ नये. येशीवर काटे लावा."

"गेल्यावर काटे लावून काय ढोरं अडवता?" मनकर्णा म्हणाली. "तुहाच लेक पयले गेला, इसरू. शेवटचं टोपलं तुह्या नातवाचं पडलं इथी. कुठी हाये तो?"

"बल्लारशाले," इसरू हळूच म्हणाला. "गोट्या खेळते म्हनते गल्लीत."

मग सोमाजी खाली पाहत म्हणाला, "घरं तं रिकामे पडलेच हायेत. ज्याले लेकरं हायेत असे कोनी बाहेरचे आनून बसवले तं?"

"बाहेरचे म्हंजे कोन?" इसरू एकदम उठला. "कोनाचं टोपलं टाकशीन इथी? आपल्या बापजाद्याच्या डोस्क्यावर? लेकरं पाह्यजेत, पन आपले पाह्यजेत."

माना हलल्या. मनकर्णाचीबी हलली.

शेवटी पाटलानं सांगितलं, "तलावाखालची माही एक बांधी. पान्याजवळची. जो गावात येऊन राहीन आन् ज्याच्या घरी लेकरू होईन, त्याची ते बांधी. माहा शबुद."

लोक खूश झाले. उठायला लागले. तेवढ्यात मनकर्णा पदर खोचून उभी राहिली.

"पाटील, एक पक्कं करा. लेकरू गावातच जलमलं पाह्यजे. इथीच, या मातीत. नाईतं हे पोट्ट्या बाळंतपन करतीन वरोऱ्याच्या दवाखान्यात, आन् पाचवीले टोपलं घेऊन येतीन बांधी मांगाले. मंग सुईन कायले ठेवली गावानं?"

"बरोबर बोलली," पाटील म्हणाला. "गावात जलमन, त्याचीच बांधी."

हे तिचे शब्द होते. दुसऱ्या कोणाचे नव्हते.

त्या बांधीची बातमी वरोऱ्याला पोहोचली आन् या साली धान रोवण्याच्या आधी मनकर्णाचा स्वतःचाच लेक लटारू बायकोला घेऊन घरी आला. सून कमळा. सातवा लागला होता. गाव काय सांगू, उन्हाळ्यातल्या विहिरीला झरा फुटावा तसं झालं. ज्या बायांनी हिच्या लग्नात साडीचा काठ बारीक म्हणून नाकं मुरडली होती, त्याच आता वाटीभर दूध घेऊन यायच्या. कोणी मासोळी आणायचं, कोणी मोहाचा लाडू. इसरूनं तर आपली दुभती गाय हिच्या दारात आणून बांधली. कमळा चालली की बुढे रस्त्यावरचे गोटे उचलायचे.

"आई, मले लाज वाटून राह्यली," ती सासूला म्हणायची. "एवढे डोळे एका पोटावर."

"पाहू दे. बुढ्याइले पाहाले दुसरं काय हाये?"

पण एक दिवस पोटाला तेल लावता लावता मनकर्णाचा हात थांबला. डोकं जिथं पाहिजे तिथं लागेना. कमळानं ते ओळखलं.

"आई, वरोऱ्याची नर्सबाई म्हने, लेकरू आडवं हाये. दवाखान्याच्या जवळ राह्य म्हने. मी यांले सांगतलं होतं. पन बांधी..."

"नर्सबाईले लेकरं किती हाये?"

"लगनच नाई झालं तिचं."

"मंग तिले काय समजते? माह्या हातानं अर्धं गाव बाहेर आलं. तुहा नवराबी. हे हात मोडले का माहे?"

तिनं चोळून चोळून लेकरू वळवलं. वळलंबी. दोन-चार दिवसांनी पाहिलं तर परत आडवं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. फक्त पाटलाकडं गेली आन् सहज बोलल्यासारखं म्हणाली, "वेळ पडली तं बाजेवर टाकून चामोर्शीच्या दवाखान्यात न्या लागन."

पाटील म्हणाला, "गावात जेवढे खांदे हायेत तेवढे तुह्या सुनेचे. घोर करू नको."

इकडं अयूबचं वेगळंच रडगाणं होतं. त्याचा बापबी कवडबोडीला कल्हई करायला यायचा. गावातल्या जुन्या भांड्यांना ठोकून नीट केलेले पोचे त्याच्या बापाच्या हातचे. पण आता बाजारात जर्मनचे भांडे आले. हलके, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. वरोऱ्यापासून इथवर भाता मारत आला तरी पोट भरेना. त्यानं पाटलाला हात जोडले.

"पाटीलसाब, एखादं पडलेलं घर द्या. भिती मी उभ्या करतो. धानात काम करन. माहे दोन पोट्टे हायेत, तिसरं येऊन राह्यलं. गावाले पोट्टे पाह्यजेत म्हनून आयकलं."

पाटलानं इसरूकडं पाहिलं. इसरूनं दुसरीकडं पाहिलं.

"पानी उघडलं की पुढं जाय, अयूब," पाटील म्हणाला. "तोवर आमराईतल्या छपरीत राह्य. कोनी काही म्हननार नाई."

त्याचे दोन पोट्टे दिवसभर गावात हुंदडायचे. बुढे त्यांना हाक मारून गूळ द्यायचे, त्यांचा गोंधळ ऐकत ओसरीत बसायचे. इसरूनं सुद्धा एकाला भोवरा करून दिला. पण राहा म्हणून कोणी म्हटलं नाही.

श्रावणात पाणी लागलं ते उघडायचं नावच घेईना. रात्री, दिवसा, एकसारखं. तलाव काठोकाठ भरला. चामोर्शीच्या वाटेवरचा नाला कमरेला लागला. आन् एका सकाळी, बाया चूल पेटवत होत्या तेव्हा, दोन गोष्टी संगंच झाल्या. कमळाच्या कंबरेत कळ आली आन् सांडव्याकडच्या कोपऱ्यातून पाणी गळायला लागलं.

पाटील भिजत भिजत मनकर्णाच्या दारात आला. मागं लटारू, इसरू, सोमाजी, बाकीचे. समद्यांच्या हातात फावडे. मनकर्णा आतून बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनच पाटील समजला.

"आडवं हाये?"

"हो. न्या लागते."

पाटलानं अंगणातले खांदे मोजले. बाज उचलायला चार लागतात, बदलायला आणखी चार. नाला ओलांडायचा, घसरडी वाट, दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार व्हायची. आन् फावडं मारता येईल असे गावात जेवढे होते, ते समदे तिच्या अंगणात उभे होते. जास्तीचं कोणी नव्हतंच.

"मनकर्णा," पाटील म्हणाला. "बाज उचलू का पाळ धरू? दोन्हीले मानसं नाईत. तूच सांग."

मागून अयूब पुढं आला. डोक्यावर पोतं घेतलेलं.

"एक खांदा माहा धरा. बदलाले नाई लागत मले. मी जातो शेवटवर."

"आमची सून तुह्या खांद्यावर?" इसरू बोलला.

मनकर्णानं हे ऐकलं. आन् ती चूप राहिली. तिनं खाली बांध्यांकडं पाहिलं. नुकताच रोवलेला धान, हिरवागार, समद्या गावाच्या तोंडचा घास. पाळ फुटली की ते जाणार, बांधी जाणार, घरं जाणार. मग तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. अर्धं गाव या हातांनी बाहेर काढलं होतं.

"पाळ धरा," ती म्हणाली. "बाळंतपन मी करतो."

"माय," लटारू म्हणाला. एवढंच. लहानपणी ताप आल्यावर म्हणायचा तसं.

"जाय. तुह्या लेकराची बांधी वाचव."

आत कमळानं समदं ऐकलं होतं.

दिवसभर एकीकडं पाळ होती, एकीकडं ही बाई. पाळीवर माणसं कंबरेइतक्या पाण्यात उभी. दगड टाकले, झाडाच्या फांद्या टाकल्या, पोत्यात माती भरून टाकली. पाणी समदं गिळायचं आन् दुसरीकडून तोंड काढायचं. अयूबनं आमराईतून आपली बंडी ओढून आणली, कुऱ्हाडीनं तिच्या फळ्या उखडल्या आन् भगदाडात उभ्या ठोकल्या. आपल्या गोधड्या, भात्याचं कातडं, जे होतं ते कोंबलं. इसरू त्याच्या बाजूला होता. पाय घसरून तो खाली चालला, तर अयूबनं त्याला दंडाला धरून वर ओढलं. दोघंही परत फळ्या ठोकायला लागले.

घरात मनकर्णानं काय काय केलं ते बाईमाणसालाच ठाऊक. तेल केलं, शेक केला, लेकराला आतून वळवायला पाहिलं. शेजारची गुणाबाई कमळाचं डोकं धरून बसली होती. कमळानं बाजेचा दोर दातात धरला होता. दुपार कलली. उजेड पिवळा पडला. आन् लेकरू आलं. पायाकडून आलं. मुलगा होता. नाकडोळे लटारूसारखे, केस भरपूर.

तो रडला नाही.

मनकर्णानं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. कांदा फोडून नाकाशी धरला. गरम पाणी, थंड पाणी. शेवटी ती ओरडली, "गुणा, थाळी दे, थाळी!"

मेल्यासारखं पडलेलं लेकरू कधी कधी थाळीच्या आवाजानं दचकून रडतं. जुन्या सुइणी करतात तसं. तिनं अयूबनं चकाकवलेली ती थाळी लेकराच्या कानाशी धरली आन् पळीनं बडवायला लागली. बडवली, बडवली. पळी वाकली. कानठळ्या बसल्या. घरातले उंदीर पळाले. लेकराची पापणीबी हलली नाही.

पण थाळीचा आवाज पावसातून पाळीवर गेला.

पहिले सोमाजीनं ऐकला. "थाळी! अरे थाळी वाजून राह्यली!"

समद्यांनी कान दिले. हो, थाळीच! किती वर्षांनी! सोमाजी पाण्यातच नाचायला लागला. पाटलानं पागोटं काढून हवेत फेकलं. इसरू रडायला लागला, तोंड लपवायचं भान नाही. लोकांच्या अंगात कुठून बळ आलं, देव जाणे. ज्यांचे हात उचलेनासे झाले होते ते दगड फेकायला लागले. एकमेकांना हाका मारत, शिव्या देत, हसत त्यांनी ते भगदाड बुजवलं. पाणी थांबलं. पाळ धरली.

त्या थाळीवर पाळ वाचली. दुसरं काही नव्हतं.

लटारू थांबला नाही. पाचवीपर्यंत दम कोणाला? त्यानं तिथंच गाळाचं टोपलं भरून डोक्यावर घेतलं आन् लेकराला दाखवून आणतो म्हणून घराकडं धावत सुटला. चिखल तोंडावरून गळत होता आन् हा हसत होता. अंगणात आला.

मनकर्णा उंबऱ्यावर बसली होती. थाळी मांडीवर पालथी.

त्यानं मायकडं पाहिलं. टोपलं डोक्यावरून काढलं नाही, तसाच उभा राहिला. पाऊस टोपल्यातला गाळ धुऊन त्याच्या खांद्यावर आणत होता. मग मागून हसत-ओरडत येणारे लोक वेशीशी आले, अंगणात आले, आन् एक एक करून गप झाले.

लेकराला तलावाच्या पलीकडं, मोहाखाली पुरलं. टोपलं नाही. कायदा होता.

कमळा जगली. पण ती सासूशी बोलेना. भांडली असती, तोंड सोडलं असतं, तर मनकर्णाला बरं वाटलं असतं. ही फक्त उठायची, पेज प्यायची, भिंतीकडं तोंड करून पडायची. दूध भरून छाती ठणकायची. मनकर्णा फडकं घट्ट बांधून द्यायची. हात लागला की कमळा डोळे मिटून घ्यायची.

एक दिवस मनकर्णा म्हणाली, "शिव्या दे वं मले."

"काय देऊ? तुमी काय मुद्दाम केलं?" कमळा भिंतीलाच म्हणाली. "पाटलानं तुमाले इचारलं. मले नाई इचारलं कोनी."

एवढंच बोलली.

पाऊस जरा उघडला. लटारूनं वरोऱ्याला परत जायचं ठरवलं. आदल्या दिवशी सकाळीच अयूबचा मोठा पोट्टा धापा टाकत आला. "अम्माले कळा येऊन राह्यल्या."

मनकर्णा उठली नाही.

"दुसरं कोनी पाह्य बाप्पा. माहे हात गेले."

तेवढ्यात भिंतीकडून कमळा उठून बसली. "जा, आई."

"माह्यानं नाई होत."

"त्या बाईले कोनी नाई इथी. बंडी मोडून तुमच्या पाळीत घातली तिच्या मानसानं. चाला, मी येतो संगं."

आमराईतल्या छपरीत, पाणी टपकत होतं तिथंच, सलीमाला मुलगी झाली. सरळ आली, कुरकूर न करता. आन् भोंगा फुटावा तशी रडली. मनकर्णा तिला हातात घेऊन तशीच बसून राहिली. थाळी आणायचं तिच्या मनातही आलं नाही. कमळा उठली, भिंत धरत धरत घरी गेली, आढ्याला टांगलेली थाळी काढली आन् छपरीच्या दारात उभी राहून वाजवली. पळी वाकडीच होती.

गावात कोणी बाहेर आलं नाही. त्या आवाजाला लोक आता भीत होते.

कमळा लटारूला म्हणाली, "पाचवी झाल्यावर जाऊ."

पाचवीला अयूब आपणहून छपरीतून निघाला नाही. त्याला ठाऊक होतं, ही रीत त्याच्यासाठी नाही. टोपलं कमळानं भरलं. ओली बाळंतीण, तिनं ओझं उचलू नये. मनकर्णानं अर्ध्या वाटेवर तिच्या डोक्यावरचं टोपलं आपल्या डोक्यावर घेतलं. मागं सलीमाच्या मुलीला फडक्यात गुंडाळून कमळा. त्या मागं लाजत-भीत अयूब. पाळीवर इसरू आन् पाटील माती दाबत होते.

"कोनाचं टोपलं?" इसरूनं विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"रडलं त्याचं," मनकर्णा म्हणाली.

"हे लेकरू आपलं नोहे, मनकर्णा."

कमळा पुढं झाली. आजवर तिनं इसरूसमोर तोंड उघडलं नव्हतं.

"माहं आपलं होतं न, बाबाजी? त्याले चार खांदे नाई भेटले."

इसरू फावड्याच्या दांड्याला धरून उभा राहिला. मग बाजूला झाला. त्याच्या पायाखाली अयूबच्या बंडीच्या फळीचं टोक मातीतून वर आलेलं दिसत होतं.

मनकर्णानं तिथंच टोपलं ओतलं. अयूबला कोणी सांगितलं नाही, तरी त्यानं वहाणा काढल्या आन् माती तुडवली.

पाटील तलावाकडं पाहत होता. त्यानं खाकरून घसा साफ केला आन् अयूबकडं न पाहता म्हणाला, "त्या बांधीच्या पान्याची बारी इसरूच्या मागून असते. त्याले इचारून घे. नाईतं मंग भांडता."

बस, एवढंच बोलला तो. अयूब बारी विचारायची म्हणून इसरूकडं पाहत राहिला. इसरू म्हणाला, "सकाळी ये बे." आन् फावडं मारायला लागला.

दुपारी लटारूची बंडी निघाली. कमळानं सलीमाची मुलगी तिच्या आईजवळ दिली, सासूच्या पाया पडली. मनकर्णा म्हणाली, "पुढच्या टायमाले..." आन् थांबली.

"पुढच्या टायमाले तिथीच करन, आई. दवाखान्यात. तुमी तिकडं या."

"हो," मनकर्णा म्हणाली. "तिथीच कर."

बंडी आमराईच्या पलीकडं दिसेनाशी झाली. मनकर्णा रिकामं टोपलं घेऊन पाळीवरून एकटीच निघाली. पलीकडं नातू निजला होता त्या मोहाच्या समोर आली तशी थांबली. टोपल्याच्या बुडाला, विणीमंदी, थोडा गाळ वाळून राहिला होता. तिनं टोपलं पालथं केलं आन् हातानं दोनदा थापटलं. मूठभर माती पाळीवर पडली. तिनं ती पायानं दाबली, हळूच, अंगावर गोधडी ओढावी तशी.

कायदा तिनं मोडला नाही. ती माती काही टोपल्यातली नव्हती, टोपल्याला चिकटलेली होती.